पहारेकरी माझ्या नावाने

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी वही. बायको म्हणाली, एवढ्या हौसेने आणलीच आहेस तर निदान महिनाभर तरी लिही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, उजेड भरपूर. स्वयंपाकघरातला नळ तेवढा गळतो, तो रविवारी बघतो असं तिला सांगून टाकलं.

ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावरच. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे चहाचं दुकान. आत भिंतभर मोठा पडदा आणि त्यावर ठिपके. कंपनीच्या प्रत्येक शाखेतलं प्रत्येक यंत्र म्हणजे एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद पडलं की लाल. हे ठिपके रंगवणाऱ्या सर्व्हिसला, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला, इथे सगळे पहारेकरी म्हणतात. तो दिवसभर एकेका यंत्राला विचारत असतो, आहेस का? उत्तर आलं नाही की बोंब ठोकतो.

सध्या सर्व्हर चालू केला तरी पहारेकरी आपोआप उठत नाही, त्याला हाताने उठवावं लागतं. त्याची सुरुवातीची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने कसं उठायचं ते सांगणाऱ्या ओळी, दुरुस्त करणं हे माझं पहिलं काम. किरकोळ आहे. आमच्या विभागप्रमुख मॅडम हसतमुख वाटल्या. खुर्चीही खिडकीजवळची मिळाली. मजेत आहे मी.

बुधवार, ५ मार्च

खुर्ची मास्तरांची आहे. मास्तर म्हणजे माझ्या आधी या जागेवर होते ते. दोन दिवसांत त्यांचं एवढं कौतुक ऐकलंय की कान किटले. मास्तर कधी चिडत नसत. मास्तर रजा घेत नसत. मास्तर एकदा सांगायचे आणि डोक्यात बसायचं. मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला एक गोष्ट तीनदा समजावली, तर ती म्हणाली की मास्तर असते तर, आणि पुढचं गिळलं. गिळलं नसतं तरी चाललं असतं, मला कळलंच.

मागच्या महिन्यात सर्व्हर वरच्या मजल्यावरून खाली आणताना तो दिवसभर बंद ठेवला होता. तो बंद केला त्याच वेळी मास्तरांनी या खुर्चीत मान टाकली. हृदयविकार, असं म्हणतात. मेलेल्या माणसावर जळू नये हे मलाही समजतं. पण जळतो मी, त्याला काय करणार?

शुक्रवार, ७ मार्च

दुखणं सापडलं. पहारेकरी सर्व्हरवरच्या मास्तरांच्या लॉगिन खात्यावर चालत होता. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, की यांच्या नावाने ऊठ. ते गेले, त्याच संध्याकाळी ऑफिसने त्यांचं खातं बंद केलं. ज्याच्या नावाने उठायचं तोच नाही, मग उठणार कसा?

मॅडमचं म्हणणं, सर्व्हिससाठी वेगळं, कोणाचंच नसलेलं खातं काढा. बरोबरच होतं ते. मी मान डोलावली, आणि जागेवर येऊन मास्तरांचं नाव खोडून तिथे माझं नाव लिहिलं. या ऑफिसात एका तरी गोष्टीवर त्यांच्याऐवजी माझं नाव असावं, एवढंच मनात होतं. वर आणखी एक ओळ घातली, की बंद पडलास तर पुन्हा ऊठ. सर्व्हर रीस्टार्ट केला. पहारेकरी पहिल्या झटक्यात उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

मंगळवार, ११ मार्च

मास्तरांच्या पत्नी त्यांचा कप न्यायला आल्या होत्या. माझ्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आधी हे फार तापट होते, शेवटच्या वर्षात अगदी गोड झाले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इतके गोड, की मला कधीकधी वाटायचं, हे आपले नव्हेतच."

त्या गेल्यावर मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर शेजारची मुलगी खुशीत. म्हणाली, आत्ता तुम्ही किती छान समजावलंत. मी म्हटलं, कधी? ती हसली. तिला वाटलं, मी विनय दाखवतोय. कौतुक माझंच होतं, पण ते कोणी दुसऱ्यानेच खाल्ल्यासारखं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

नळ गळत नाही. बायको म्हणते, मीच संध्याकाळी लवकर येऊन दुरुस्त केला, तिच्याबरोबर बसून भाजी निवडली आणि काहीतरी आणायला खाली गेलो. संध्याकाळी मी ऑफिसात होतो. तसं सांगितलं तर तिचा चेहरा पडला. आल्यापासून किती छान बोलत होतास, आता पुन्हा सुरू झालं तुझं, म्हणाली. सासूबाईंचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला बरं म्हटलं. जावई माणसात आले म्हणे.

मला कळलंय. पहारेकरी माझ्या नावाने चालतोय. म्हणजे खरोखरच चालतोय, दोन पायांवर, माझं रूप घेऊन.

नाव काढून टाकायला हवं होतं. आज हात कीबोर्डवर होता. तेवढ्यात मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की मास्तरांची उणीव भरून निघाली. मी हात मागे घेतला. निदान ते कौतुक तरी माझ्या नावावर जमा होत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

प्रत्येक सूचना दोनदा येते, अशी मॅडमची तक्रार. बघितलं तर पहारेकरी दोन. एक आपोआप उठलेला आणि एक कोणीतरी जुन्या सवयीने हाताने उठवलेला. म्हणून स्क्रिप्टमध्ये ओळ घातली: सुरू होताना याच नावाचा कोणी आधीपासून चालू असेल तर आधी त्याला बंद कर, मग कामाला लाग. सगळे असंच करतात. पुढच्या रीस्टार्टला लागू होईल.

जेवताना एकदम लक्षात आलं की ते नाव माझं आहे. डबा तसाच बंद केला. सोमवारी सगळ्यात आधी ती ओळ काढतो. आणि नावही. कौतुक गेलं खड्ड्यात.

सोमवार, १७ मार्च

ऑफिसच्या दाराशी हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावला. यंत्र म्हणालं, आपण आत आहात. वॉचमन हसला, साहेब मघाशीच आत गेलात की. मी पुढे झालो तर त्याचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि हात आडवा धरला. फोनवरून आत शिरून ती ओळ काढावी म्हटलं, तर पासवर्डही लागत नाही. पासवर्ड बदललाय. माझ्याच नावाने बदललाय.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ते माझ्यासमोर बसलेत, आपण कोण?

दिवसभर भटकून रात्री घरी आलो. दाराला आतून साखळी. बायकोने विचारलं कोण आहे, आणि आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "कोणी नाही गं, चुकून आलंय कोणीतरी."

ती हसली. माझ्याशी ती असं कधी—

मंगळवार, १८ मार्च

चहाच्या दुकानात बसलोय. समोर ऑफिसची काच. तो माझ्या खुर्चीत आहे, माझा निळा शर्ट घालून. मला तो एवढा बरा कधी दिसला नाही.

बायको आलीय. डबा घेऊन. माझ्यासाठी एकदाही आली नव्हती. त्याची कॉलर नीट करतेय. पडदा दाखवतोय तिला. किती सावकाश, किती समजावून. मी तर तिला विचारूच दिलं नाही कधी, माझं काम काय—

मास्तरांच्या बाईंना कळलं होतं. हिला कळेल का? कळलं तरी हिला तोच—

फोनवर संदेश, मॅडमचा, सगळ्यांना: सर्व्हर रीस्टार्ट करतोय, दोन मिनिटं.

धावत गेलो. वॉचमनने ढकललं. काचेवर हात आपटले. बायकोने बघितलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

परत बाकावर. पडदा काळा झालाय. त्याने मान टाकली. खुर्चीतच. मास्तरांसारखी. उठू नकोस. उठू नकोस रे—

ठिपके येताहेत. एक हिरवा. आणखी एक.

मान वर केली त्याने. बायकोकडे बघत नाही. पडद्याकडे नाही. काचेतून बाहेर बघतोय, शोधल्यासारखा, याच नावाचा कोणी आधीपासून

सापडलो त्याला. ओठ हलताहेत. आहेस का, विचारतोय. मी उत्तर देणार नाही. मी नाहीच म्हटलं तर— मी ना