परक्या गाड्यांचा विमा

होम्स परगणा, ओहायो
१४ जुलै

ती. ऑर्फाआत्यास, प्रभूच्या नावाने सप्रेम नमस्कार. वि. वि.

ओट कापून झाले. बाबांची पाठ पुन्हा धरली आहे, पण ते कबूल करत नाहीत. खरी बातमी वेगळी आहे आणि ती तुला बिशपांआधी माझ्याकडून कळावी. मी मोटार चालवतो.

आपल्या धाकट्या व्हर्नाला डायलिसिससाठी वूस्टरला न्यावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. तिला नेणाऱ्या कोलमनबाईंना आता नीट दिसत नाही. दुसरा भाड्याचा ड्रायव्हर येतो म्हणतो आणि येत नाही. एकदा असाच आला नाही, तेव्हा व्हर्नाचा चेहरा इतका सुजला की आई बघून बाहेर गेली. मग बाप्तिस्मा घेऊन पंथाच्या नियमाने मोटार वर्ज्य करण्याआधी काढलेला परवाना मी पेटीतून काढला. गाडी माझी नाही. पंथाबाहेरच्या शेजाऱ्यांपैकी ज्याची मोकळी असेल त्याची.

आणि मी विमाही काढला. स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी तसा असतो. विमावाल्या बाईंनी विचारलं, रोज एकच गाडी वापरता का? मी प्रत्येक शेजाऱ्याचं नाव सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, अरे बाळा, तू विमा काढायला आलायस की गुन्हा कबूल करायला?

मी फार हळू चालवतो. मागचे भोंगे वाजवतात. वाजवू देत. लोभ आहेच, तो मोटारीपायी आटू देऊ नये.

तुझा,
अ‍ॅटली

शिपशेवाना, इंडियाना
२२ जुलै

चि. अ‍ॅटलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चेरीचा मुरंबा करपला. मोटार एक पाप आणि वर विमा! घोडीवर बसवलं की भोकाड पसरणारा तूच ना रे?

तुझ्या बहिणीसाठी माझाही जीव तुटतो. पण विमा म्हणजे आपल्या माणसांवर अविश्वास. तुझ्या बाबांचं कोठार जळालं तेव्हा कुठल्या कंपनीचा साहेब हातोडा घेऊन आला होता? मंडळीसमोर गुडघे टेक, चुकलो म्हण आणि ऊठ. नाहीतर बहिष्कार पडेल. बहिष्कृताच्या गाडीत बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने बसायचं नसतं, हे विसरलास? व्हर्ना या शरदात बाप्तिस्मा घेतेय. मग कोणाला नेणार आहेस, कोंबड्यांना?

रागावले आहे, तरी माया आहे.

तुझी,
ऑर्फाआत्या

होम्स परगणा
१० ऑगस्ट

ती. आत्यास सप्रेम नमस्कार.

कोठार आपलं होतं, म्हणून आपली माणसं आली. मी ज्याला धडकेन तो आपला नसेल. त्याच्याकडे हातोडे घेऊन कोण जाणार? या विम्यातून मला काही मिळत नाही, त्याला मिळतं. बिशपांनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, असेल तसं, पण गुडघे टेक. मी म्हटलं, मला पश्चात्ताप झालेला नाही. टेकले तर ते खोटं होईल. म्हणून टेकले नाहीत.

मग मंडळीने बहिष्कारासाठी मतं घेतली. बाबांनी माझ्याविरुद्ध दिलं, आणि परत येताना घोडागाडीत माझा हात धरून बसले. आता मी वेगळ्या टेबलावर जेवतो. आईने दोन्ही टेबलं जवळ आणून मध्ये बोटभर फट ठेवली आहे आणि वर एकच कापड अंथरलं आहे.

कोंबड्यांचा प्रश्न मात्र तू बरोबर विचारलास. त्याने माझी झोप उडाली. पण मी काही सुचवण्याआधीच व्हर्नाने बिशपांना सांगून टाकलं की यंदा बाप्तिस्मा नाही. ते म्हणाले, पोरी, मरण सांगून येत नाही. ती म्हणाली, म्हणूनच. देव माझ्यासाठी थांबेल, मूत्रपिंडं थांबत नाहीत.

काल मी तिला आडवाटेने नेणार होतो. तिने बिशपांच्या दारावरूनच गाडी घ्यायला लावली, काच खाली केली आणि त्यांना हात केला. त्यांनी केला की नाही, मला माहीत नाही. माझं लक्ष रस्त्यावर होतं.

बहिष्कृताच्या हातून काही घ्यायचं नसतं. हे पत्र पोस्टमनच्या हातून घ्यावं, आणि लोभ होता तसाच ठेवावा.

तुझाच,
अ‍ॅटली