विल्फ्रेड यांचं फ्रेंच गेलं त्याची हकीकत

काझेराक, मंगळवार
(बाजाराचा दिवस, म्हणून अक्षर घाईचं)

तीर्थरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, गुडघे वाकतात तेवढे वाकवून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारत नाही, तो घराण्याची रीत पाळून दुखणारच; काळजी उजव्याची वाटते. तिकडे लील शहराच्या दमट हवेत एकटीने जिने चढउतार करू नका. तुम्ही पाठवलेला रेशमी रुमाल पोचला. रंग माझ्या वयाला शोभत नाही असं पहिल्या दिवशी वाटलं, दुसऱ्या दिवशी तो बांधून बाजारात गेले. इकडे प्लम वाळवायच्या भट्ट्या पेटल्यात आणि सगळ्या गावाला मुरंब्याचा वास येतोय. माझी तब्येत तशी ठीक. झोप लागत नाही, पण त्याचं कारण पुढे येईल.

पत्र लिहिण्याचं कारण अगदी साधं आहे. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, तेव्हा माळ्यावर जुनी पुस्तकं पडली असतील. त्यातलं अगदी पहिल्या इयत्तेचं एखादं पाठवून द्यावं. (खुर्चीत बसून वाचताय ना? बसा. होय, मीच लिहितेय. जिने स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत, नव्या नवरीला शोभणार नाही अशा आवाजात, इंग्रजी ही तोंडात गरम बटाटा धरून बोलायची भाषा आहे असं तुमच्या देखत म्हटलं होतं, तीच रेमोंद.)

आता तुम्ही म्हणाल, सत्तरी उलटल्यावर हे काय खूळ. तर वन्सं, तुम्ही बऱ्याच वर्षांत इकडे आला नाहीत, तुम्हाला गाव ओळखू यायचं नाही. आपल्या वेळी इथे कुणी इंग्रजीत रस्ता विचारला, तर आपण खांदे उडवायचे आणि त्याला नदीपर्यंत चालू द्यायचं, अशी पद्धत होती. खाटीक ओनोरे तरुणपणी दोन वर्षं साउदॅम्प्टनच्या गोदीत राबून आलेला, त्याला शब्द न् शब्द कळायचा. पण समोरचा इंग्रजीत बोलला की तो कानामागे हात धरून असा चेहरा करायचा, की बिचाऱ्या माणसाने मटण न घेताच जावं. खरं सांगायचं तर यात भाषेचं प्रेम थोडं आणि हसं होण्याची भीती जास्त. इंग्रजी वाईट बोललं तर लोक हसतात, आणि चांगलं बोललं तर त्याहून जास्त हसतात. तुमचंच उदाहरण घ्या. शाळेत तुम्ही जीभ दातांत धरून इंग्रजीतला तो 'थ'सारखा उच्चार बरोबर केलात, तर सगळी शाळा आठवडाभर तुमच्या मागे जीभ बाहेर काढून फिरत होती, असं आमचे ल्युसिअँ, म्हणजे तुमचे बंधुराज, सांगायचे. (तुमच्या पाठीमागे जीभ त्यांनीही काढली होती, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल.) तेव्हा तोंड मिटून बसणं सगळ्यात सोयीचं, आणि आपल्याकडे त्यालाच स्वाभिमान म्हणतात.

आणि आता? आता गाव उलटं झालंय. बेकरीवाल्यांची सून माएवा डब्लिनला राहून आलेली. पाव देता देता इंग्रजीत अशी चुरूचुरू बोलते की पाव गार होतो. औषधांच्या दुकानातली पोरगी बोलते, कॅफेतला वाढपी बोलतो, आणि आमच्या मेयरबाईंनी चौदा जुलैच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, भाषणाचा शेवट इंग्रजी वाक्याने केला, त्यावर लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. दर नोव्हेंबरात सभागृहात श्रुतलेखनाची स्पर्धा व्हायची, मी उतारा वाचायची आणि सगळं गाव माना खाली घालून लिहायचं, ती यंदा बंद. त्या जागी 'इंग्रजी गप्पांची संध्याकाळ' ठेवली आहे. मला सांगायला समितीचा जो मुलगा आला तो म्हणाला, "मादाम रेमोंद, तुम्ही पण या ना, सरबत आहे." सरबत!

पण हे सगळं मी पचवलं असतं. पचत नाही ते विल्फ्रेड यांचं. विल्फ्रेड म्हणजे माझे शेजारी, तुम्ही त्यांना पाहिलंय: उंच, पायात सँडल, आणि सँडलमध्ये मोजे. तिकडे यॉर्कशरला जमीन मोजणीच्या खात्यात होते. निवृत्त होऊन बायकोसह इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या सुया-बटणांच्या दुकानात येऊन इंग्रजीत काहीतरी बोलले. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी शर्ट पुढे ओढून तुटलेल्या बटणाची जागा दाखवली. मी तरी भिंतीकडेच. शेवटी ते घरी जाऊन शब्दकोश पाहून आले आणि दारातूनच फ्रेंचमध्ये "बटण!" असं ओरडले, मगच मी बटण दिलं. अशा रीतीने हा माणूस फ्रेंच शिकला. (त्यांच्या मार्जरीबाई फार सालस. मला येऊन सांगून गेल्या, ह्यांना खुशाल दुकानात बसवून ठेवा, घरी हे क्रियापदं मोठ्याने म्हणतात आणि कुत्रा भुंकतो.)

मार्जरीबाई गेल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे परत जातील. गेले नाहीत. रोज संध्याकाळी पाव घेऊन येताना माझ्या दारातल्या बाकावर टेकायचे आणि दिवसभराची हकीकत सांगायचे. त्यांच्या फ्रेंचमध्ये खुर्ची पुरुष होती, नदी पुरुष होती, एकदा मेयरबाईंनाही त्यांनी पुरुष करून टाकलं. "उद्या मी बागेत पडलो," असं एकदा म्हणाले, आणि मी खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडकीत उभी होते. मी एकूण एक चूक दुरुस्त करायची. ते मान लववून आभार मानायचे आणि लगेच तीच चूक पुन्हा करायचे. ल्युसिअँ गेल्यावर पहिली दोन वर्षं लोक आपुलकीने बोलले, मग रस्त्यात भेटले तरच बोलायला लागले. रोज, न चुकता, मुद्दाम थांबून माझ्याशी बोलणारा हा एकच माणूस राहिला होता.

मार्चमध्ये त्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. दवाखान्यातून काठी टेकत परत आले. चालणं ठीक, डोकं ठीक, इंग्रजी ठणठणीत, पण फ्रेंच पुसून गेलेलं. सगळंच्या सगळं. माझ्याकडे पाहून हसले, तोंड उघडलं, आणि काही सापडेना तसं मिटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशिरा शिकलेली भाषा कधी कधी आधी जाते, मादाम. परत येईल, किंवा नाही येणार." मी म्हटलं, "अहो, एवढी वर्षं एकेक शब्द घासूनपुसून घेतलाय मी त्यांच्याकडून!" तर म्हणतात, "म्हणूनच सांगते, मनाला लावून घेऊ नका." घेतलं. वन्सं, शुद्ध फ्रेंच रेडिओवर हवं तेवढं मिळतं. पण ते चुकीचं फ्रेंच जगात एकट्या त्या माणसाकडे होतं, आणि मला त्याची इतकी आठवण येते की बेकरीत कुणी परका अडखळत बोलला तरी मी वळून बघते.

ते अजूनही बाकावर येऊन बसतात. मीही बसते. मग माएवा येते, उभ्या उभ्या इंग्रजीत काही बोलते, आणि तेही काही बोलून खो खो हसतात. मी विचारते, काय म्हणाले? ती म्हणते, "काही नाही हो, हवा छान आहे म्हणाले." एवढं हसले ते हवेवर? एकदा तिने आपला फोन पुढे केला, यात बोला, तो त्यांना इंग्रजीत सांगेल. मी विचारलं, जेवलात का? फोन एका तरण्याताठ्या बाईच्या आवाजात काहीतरी लाडिक बोलला, आणि विल्फ्रेड यांनी हसून मान डोलावली. माझ्याकडे बघून नव्हे, फोनकडे बघून. मी तो परत दिला.

मग नगरभवनात गुरुवारचा इंग्रजीचा वर्ग आहे तिथे नाव घातलं. शिकवणारा तेओफिल, मिसरूड फुटलेला पोरगा, पहिल्याच तासाला म्हणतो, "घाबरू नका, खुशाल चुका करा." मला म्हणतो! ज्या बाईने गावाला श्रुतलेखन घातलं तिला! वर्गात खाटीक ओनोरेही आहे, आणि काय सांगू, त्याला सगळं येत असून तो मुद्दाम आपल्या गावठी ढंगात बोलतो, कारण मागच्या बाकावर त्याचे पत्त्यांतले सोबती बसतात. एकदा चुकून त्याच्या तोंडून एक वाक्य अस्सल साउदॅम्प्टनचं निघालं, तर सगळे "ओहो, लॉर्डसाहेब!" करून ओरडले आणि त्याचे कान लाल झाले. गाव बदललं म्हणते मी, पण ते चाळिशीच्या आतलं.

सराव म्हणून बाजारात एक परकं जोडपं नकाशा उलटा धरून उभं होतं, त्यांना मी इंग्रजीत हटकलं. बाई माझ्याकडे बघतच राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग फ्रेंचमध्ये, अडखळत, म्हणाली की आम्ही हॉलंडहून आलोय, तीन हिवाळे रात्रीच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकलो, आणि सीमा ओलांडल्यापासून एकही माणूस आमच्याशी फ्रेंच बोलत नाही. हॉटेलवाला नाही, पेट्रोलवाला नाही, आणि आता तुम्हीसुद्धा! मी त्यांना घरी आणलं, जेवू घातलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चुका काढल्या. जाताना तिने माझे तीनदा मुके घेतले. (आपल्याकडे दोनदाच घेतात, हे मी सांगितलं.) त्या रात्री मला फार एकटं वाटलं.

आता मुख्य फजिती. वर्गातला पहिला धडा हॉटेलचा होता. तेवढाच मला तोंडपाठ, पण उच्चारासकट तोंडपाठ. म्हटलं, काय बोलतो याला महत्त्व नाही, आपणही बोलू शकतो हे त्यांना कळू दे. संध्याकाळी बाकावर बसले, रुमाल नीट केला, घसा साफ केला, आणि स्पष्ट, खणखणीत इंग्रजीत विल्फ्रेड यांना म्हटलं: मला दोन रात्रींसाठी एक खोली हवी आहे, सकाळच्या न्याहारीसकट. माएवा पाव घेऊन समोरून चालली होती, तिच्या हातातली टोपली सुटली. विल्फ्रेड आधी लाल झाले, मग हसायला लागले, इतके की काठी पडली. माझ्यासमोर, माझ्यामुळे, मार्चनंतर पहिल्यांदा. मग उठून शेजारी आपल्या घरात गेले. मला वाटलं रागावले. बऱ्याच वेळाने बोलावलं तर टेबलावर पांढरा कपडा, उकडलेलं अंडं, भाजलेला पाव आणि दूध घातलेला चहा. दिवेलागणीला न्याहारी! मी सगळी खाल्ली. तो चहाही प्यायले, वन्सं, तुमच्या भावाची शपथ. मग घरी येऊन मी ओट्याशी उभी राहून रडले.

कारण त्यांची मुलगी हिलरी येत्या रविवारी लीड्सहून गाडी घेऊन येतेय. बाप परक्या मुलखात एकटा, बोलायला कुणी नाही, म्हणून घेऊन जाणार. तिचं चूक नाही. तिला कुणी सांगावं की बोलायला एक बाई आहे, फक्त त्या बाईला बोलता येत नाही?

असो. पुस्तक सवडीने पाठवा. घाई नाही. गुडघ्याला गरम तेल लावत जा, जिना उतरताना कठडा धरा, आणि या वेडीला राग न धरता आठवत राहा.

तुमची भावजय,
रेमोंद

ता. क. वर 'घाई नाही' लिहिलं ते खोटं आहे. पुस्तक नकोच. पहिल्या इयत्तेत 'जाऊ नका' असतं की नाही कोण जाणे, आणि असलं तरी रविवारपर्यंत मी त्या धड्याला पोचणार नाही. मला फक्त एक वाक्य हवंय. इंग्रजीत, पण उच्चार आपल्या अक्षरांत लिहून, जीभ कुठे धरायची त्यासकट.

आणखी ता. क. वाक्य असं: तुम्ही जे विचारलंत त्याला माझं उत्तर 'हो' आहे. गेल्या वर्षी प्लम वाळत होते तेव्हा विल्फ्रेड यांनी मला विचारलं होतं की उरलेले दिवस आपण एका घरात काढायचे का. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला, वन्सं काय म्हणतील एवढाच विचार होता. तो करता करता मार्च आला. माएवाला विचारलं असतं तर तिने जागच्या जागी वाक्य सांगितलं असतं, पण ल्युसिअँच्या बहिणीला कळण्याआधी ते बेकरीत कळावं हे मला बरं वाटेना. वाक्य आलं तर तुमची हरकत नाही असं समजेन. हसणार असाल तर पोटभर हसा, पण शुक्रवारचं टपाल निघायच्या आत हसून घ्या.

आणखी एक, पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडून: नुसतं उत्तर पाठवून भागायचं नाही. त्यांनी विचारलं ते फ्रेंचमध्ये होतं. फ्रेंच गेलं त्यात तेही गेलं असेल, आणि मी जाऊन 'हो' म्हटलं तर ते नुसते बघत राहतील. तेव्हा प्रश्नसुद्धा लिहून पाठवा. या वेळी मी विचारते.