नकाशामागची भेग

दानेश्वरी अक्का,

आपण शिक्षकांनी जन्मभर एकच तक्रार केली, की मुलांची तोंडं न बघता लोक कागदावर शाळेचा निकाल लावतात. संघटनेच्या सभेत हेच मी टेबलावर मूठ आपटून सांगतो. पण यंदा तो कागद मीच भरला. 'इमारत सुरक्षित आहे' याखाली माझी सही आहे.

खरं लिहिलं असतं, तर आपली बारा मुलांची शाळा बंद करून मुलं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवली असती. पिराजीची सौंदर्या दोन वर्षं वर्गात मुकी बसली, आता कुठं बोलू लागलीय. तिथं ती पुन्हा गप्प होईल, या भीतीनं मी वर्गाच्या भिंतीला पडलेल्या भेगेवर भारताचा नकाशा टांगला. रोज मुलं यायच्या आधी भेगेत पाटीची पेन्सिल घालून बघतो. टोकाशीच अडायची. आज अख्खी आत गेली.

दुपारी सौंदर्या म्हणाली, "गुर्जी, नकाशा हालतोय की."

"वारं हाय गं," मी म्हणालो. खिडक्या बंद होत्या. आणि ती त्या भिंतीलाच टेकून बसली होती.

हे तिसरं पत्र, आधीची दोन खिशातच राहिली; हे मात्र आत्ताच माणसाच्या हाती पाठवतोय. मी कुलूप लावलं तर मीच पुन्हा उघडीन, एवढं मी स्वतःला ओळखतो. या शाळेची तू वीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस. उद्या दहाच्या आत कुरुंदवाडहून ये आणि त्या वर्गाची किल्ली माझ्या हातातून काढून घे.

तुझा घाबरलेला भाऊ,
संगमेश