विचारलं तरच

सोमवार, ४ तारीख

आजपासून मी नोकरदार बाई. वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी, कारण मास्तरीणबाई सारख्या आजारी. नातीकडे राहायला येऊन आठवडा झाला नाही तोच तिच्या ऑफिसात साहेब म्हणाले, कॉम्प्युटरमधलं ओ की ठो न कळणारं माणूस तपासणीला हवंय. नात म्हणाली, आहे घरात, अगदी अस्सल. हिला मी भिंगरी म्हणते. पोरगी एका जागी बसेल तर शपथ. चहासुद्धा चालता चालता पिते.

तिसरा मजला, खिडकीशी टेबल, फिरती खुर्ची. आधी तीनदा फिरून घेतलं. काम सोपं आहे. या इमारतीत उद्या कोण कधी येणार, कधी जाणार, जिन्याने की लिफ्टने, हे एक प्रोग्रॅम आधीच सांगतो. त्यावर दारं आणि लिफ्ट चालतात. मी नाव नि तारीख टाकायची, उत्तर वेडंवाकडं आलं तर लिहून ठेवायचं. प्रश्न लांबलचक असला तर तो रांगेत थांबतो आणि पाच वाजता आपोआप चालतो. एकदा पाठवला की परत घेता येत नाही, हे भिंगरीने दोनदा बजावलं.

ती म्हणाली, आजी, हा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा आळशी आहे. विचारल्याशिवाय काडी हलवत नाही. न विचारलेली उत्तरं घडी घालून ठेवते. विचारलं की घडी उघडते, आणि एकदा उघडली की तेच उत्तर कायमचं. मी म्हटलं, म्हणजे थेट तुझे आजोबा की गं. तीन हाकांशिवाय उठायचे नाहीत, आणि एकदा बोलले की झालंच.

मंगळवार, ५

आज लिहायलाच हवं. हा प्रोग्रॅम माझ्या लेकीचा आहे, भिंगरीच्या आईचा. या साहेबाने त्यावर स्वतःचं नाव घातलं. वर त्याच्या हातची चूक तिच्या माथी मारून तिला घालवली. सहा महिन्यांत पोर खंगून देवाघरी गेली. भिंगरी म्हणते, आजी, जाऊ दे, मला नोकरी टिकवायचीय. मी हो म्हटलं. मी काही जाऊ देत नाही.

लहानपणीही लेक विचारल्याशिवाय काही सांगायची नाही. गुडघा फुटून आली तरी मी विचारेपर्यंत गप्प. त्या ऑफिसचं मी कधी विचारलंच नाही.

गुरुवार, ७

काल गंमत म्हणून टाकलं: साहेब, उद्या. उत्तर आलं: नऊ दहा, जिना, लंगडत. यात लंगडत कुठून आलं? आज साहेब नऊ दहाला जिन्यावरून लंगडत वर आले. पायरी चुकली म्हणे. मी विचारपूस केली, मलमाचं नाव सांगितलं आणि टेबलाखाली पाय हलवत बसले. किती दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, ११

शुक्रवारचं विचारलं होतं. आलं: दाढ. गाल वांग्याएवढा सुजला. आजचं विचारलं होतं. आलं: आवाज नाही. दिवसभर हातवारे. शिपाई म्हणाला, इतकी शांतता मिळाली तर पगार कापा, चालेल. मी तोंडाला रुमाल लावून हसले.

भिंगरीला मात्र हे खटकलं. तिने प्रोग्रॅमच्या मधोमध एक ओळ घातली, आत काय चाललंय ते बघायला. उत्तरं तीच. म्हणाली, आजी, इथे नुसतं बघणं म्हणजेच घडी उघडणं, तू उगाच विचारू नकोस. आणि एका माणसाचं उत्तर काढायचं तर त्याच्यासोबत जो असेल त्याचीही घडी उघडते. मी म्हटलं, बरं. कान ऐकत होते, मन कुठे ऐकत होतं?

मंगळवार, १२. दुपारी चार

साहेब सकाळी लेकीच्या जुन्या टेबलाशी, जिथे आता भिंगरी बसते, आले आणि घोगऱ्या आवाजात भिंगरीला म्हणाले, आईसारखी चूक करू नकोस.

मी खुर्ची पुढे ओढली. टाकलं: साहेब, शेवटपर्यंत. पाठवलं.

चार चाळीस

यंत्राने पहिली ओळ दाखवली, बाकी पाचला.

साहेब. आज. पाच. लिफ्ट. शेवट. सोबत:

पुढे कोरं. त्यापुढे पडद्यावरची उभी रेघ लुकलुकते आहे.

रोज पाचला साहेबांबरोबर लिफ्टने कोण उतरतं? दिवसाची तपासणी सांगत सांगत? माझी भिंगरी.

चार अठ्ठेचाळीस

परत घेता येत नाही. सगळी बटणं दाबली. शिपायाला म्हटलं वीज बंद कर, तो हसला. साहेबांना जिन्याने चला म्हटलं, त्यांनी सुजलेला पाय दाखवला. भिंगरीला सांगितलं तर ती साहेबांना अडवायला धावेल, तिचा स्वभाव —

पण सोबतची घडी अजून उघडलेली नाही. तिथे कोणीही असू शकतं.

चार पंचावन्न

चष्मा पहिल्या मजल्यावर पाण्याच्या टाकीमागे लपवून आले. भिंगरीला म्हटलं, कुठेतरी राहिला गं, शोधून आण, सापडल्याशिवाय परत फिरू नकोस. पळाली. जिन्याने.

अक्षर दिसत नाही. अंदाजाने लिहिते.

चार अठ्ठावन्न. लिफ्ट

आत दोघंच. मी आणि तो. तो घोगऱ्या आवाजात विचारतोय, काय लिहिता आजी. मी म्हटलं, तुमचंच. माझ्या लेकीची आठवण आहे का विचारलं. कोण, म्हणाला. सकाळीच तिची चूक काढणारा.

बरं झालं. आता मला काही वाटत नाही.

दार लागलं. खाली चाललोय. दिवा मिचमिचतोय — लेकी, आता मी विचारतेय गं, सांग सगळं —

थांबली. पहिला मजला. बाहेरून कोणीतरी बटण दाबलं — इतक्यात कसा सापडला — दार उघडतंय — नको, जिन्याने जा, जिन्या —

हातात माझा चष्मा