आवणीतून बसऱ्याला

जुलै १९१६

प्रिय गफूर,

अक्षर बघून ओळखशील. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण लिहिता येतं.

इंदुरीत भाताची आवणी चालू आहे. परवा खाचरात रोपं लावताना दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. आपण दोघे रजेवर आलो होतो, गुडघाभर चिखलात उभे होतो आणि पाटील बांधावरून ओरडत आला, "पोरांनो, लढाई लागली! पलटणीनं बोलावलंय." कोणाची कोणाशी, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि आपल्यालाही. इंद्रायणीत पाय धुताना तू म्हणालास, "चल कोंडू, दिवाळीपतूर येऊ माघारी."

तळेगावच्या स्टेशनवर तुझ्या अब्बांनी, चाँदभाईंनी, आपल्या दोघांच्या मनगटांना अत्तर लावलं. बाजारात थेंब थेंब जपून विकणारा माणूस, त्या दिवशी अख्खी कुपी पालथी केली. मेहरुनवहिनी मागे उभी होती, नवी नवरी. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस, आणि गाडी सुटल्यावर खंडाळ्यापर्यंत दारात उभा राहून मागे बघत राहिलास.

बसऱ्याच्या त्या खजुरी आठवतात? आणि शैबाच्या लढाईला जातानाची वाट? पुराच्या पाण्यातून बंदुका डोक्यावर धरून चाललो होतो. तू मागून ओरडलास, "आवणीलाच आलोय की रं!" सगळी कंपनी हसली. त्या हसणाऱ्यांतले कितीतरी शैबालाच राहिले. मग नदीच्या काठाकाठानं वर सरकत गेलो. एकेक गाव पडत होतं, साहेब म्हणत, आता बगदाद दूर नाही. सलमान पाकला पीराचा घुमट दिसला तेव्हा तू सगळ्यांत मागे थांबून दुआ मागितलीस. "पीराच्या दारात बंदूक घिऊन आलो, माफी मागून घेतली," एवढंच म्हणालास. त्याच दिवशी मला खांद्यात गोळी लागली. तू मला पाठीवर टाकून आणलंस. जखमींची बोट सुटली तेव्हा काठावर पाय रोवून उभा होतास, तेवढं दिसलं. मग धुरळा.

पुढे तुम्ही कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलात आणि पत्रं बंद झाली. कूत पडल्याची बातमी आली तेव्हा वहिनीचा भाऊ खंडाळ्याहून दोनदा तिला न्यायला आला. दुसरं स्थळ बघितलं होतं त्यानं. ती म्हणाली, "त्यांना मेलेलं कुणी बघितलंय का?" तो एकटाच परत गेला. चाँदभाई तेव्हा ओट्यावर बसून पोरासारखे रडले.

मुंबईच्या इस्पितळात कामाला असलेला आपला सोपान मागच्या आठवड्यात गावी आला. त्याच्यावर रागावू नकोस. तुला दिलेली शपथ त्यानं दोन दिवस सांभाळली, तिसऱ्या दिवशी मला घेऊन तुमच्या घरी आला. तुर्कांनी आजारी कैद्यांना सोडलं, त्या बोटीतून तू आलास, त्याच्याच इस्पितळात आहेस, डावा पाय मांडीपासून गेलाय, सगळं त्यानं सांगितलं. "घरी कळवू नगं, मेलो म्हणूनच ऱ्हाऊ दे," हे तुझे शब्दही.

गफूर, हे ऐकलं तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "भाऊ, गाडी कधी हाय?" मी म्हटलं, आधी मी एकटा जाऊन येतो, त्याला अवघड वाटेल. तर म्हणाली, "त्यांना चालता येत न्हाई. मला येतंय की."

हे पत्र मी इंदुरीहून पाठवत नाही. इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. एकदम समोर उभे राहिलो तर तू भिंतीकडे तोंड करशील, म्हणून आधी हा कागद. वहिनी शेजारीच बसलीय, "अजून किती लिवताय?" म्हणून विचारतेय. सोपान पत्र तुझ्या हातात देईल. वाचून झालं की दाराकडे बघ.

तुझाच,
कोंडाजी