सुनेसाठी हिरवी साडी

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या एसटीने गडचिरोलीला गेले. मोठी बॅग घेतली, यांना विमानात घालायला स्वेटर घेतला, सुनेला साडी घेतली. येत्या मंगळवारी आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाला निघतो, तिला आणि तिच्या आईवडिलांना भेटायला.

सून म्हणायला अजून जीभ वळत नाही. निलेशने लग्न केलं होतं आणि निलेश गेला, हे दोन्ही आम्हाला एकाच फोनवर कळलं.

दुकानदार थट्टेखोर. "सुनेले पहिल्यांदा पाहाले चालल्या का बाई? मंग हिरवीच न्या. अन् आमचे पेढे कुठी?" हिरवी घेतली.

घरी यांनी पिशवी उघडली. "हिरवी काऊन घेतली? तिचा नवरा वारला ना."

तिचा नवरा. आपला पोरगा म्हणाले नाहीत.

परवा ती फोनवर सांगत होती, निलेश तिला माझ्या अंबाडीच्या भाजीबद्दल नेहमी सांगायचा. म्हणजे तिला आमची भाजीसुद्धा माहीत, आणि आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं. एवढी भीती वाटायची त्याला माझी? रागावले असते, चार दिवस बोलले नसते. मग मीच हिरवी नेसवली असती ना.

"उद्या बदलून आण," हे म्हणाले.

"नाई आणत," म्हटलं. ती तिकडचीच, तिला हिरव्या रंगाचं काय कळणार? मला कळतं. एकदा तरी सासू म्हणून तिच्या हातात साडी ठेवायची आहे.

हे न जेवताच झोपले. मी भात गरम केला आणि एकटीच जेवले.