जांभळा ठिपका

४ मे १९५९
जालन्याच्या मोटारीने वडीगोद्रीला उतरलो. तिथून प्रयोगशाळा दीड मैल. ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आलो, पण आनंदात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला विद्यापीठाच्या संशोधनात घेतात, हे घरी कुणाला खरं वाटत नव्हतं. काम सुट्टीपुरतं. वीस जूनला कॉलेज.

वाटेत पायऱ्यांची बारव आहे. तिथे पाणी भरणाऱ्या बाईंनी थांबवलं. "उन्हाचं आलाव दादा, कोरड्या घशानं कुठं जाता?" गुळाचा खडा हातावर ठेवला, ओंजळीत पाणी ओतलं. गार होतं. पोटभर प्यालो. या तुळजाबाई, प्रयोगशाळेत स्वयंपाक करतात.

५ मे
निजामाच्या वेळच्या जुन्या करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, एक सूक्ष्मदर्शक. गिरिधर सर कमी बोलतात. संशोधन नारूवर. बारवेच्या पाण्यात बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिलं. ते पाणी प्यालं की वर्षभराने पायातून दोरा बाहेर पडतो. इथे सगळे गाळलेलं पाणी पितात.

काल बारवेवर प्यालो हे सरांना सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मूर्ख ठरायचं नव्हतं.

८ मे
मला रखमाजींचा पाय दिला आहे. हे तुळजाबाईंचे यजमान, इथले शिपाई. घोट्यातून नारू आलेला, पांढरा, शिवायच्या दोऱ्याएवढा. तुराटीच्या काडीवर तो रोज थोडा गुंडाळायचा. ओढला तर तुटतो. तुटला की आतला भाग सडतो आणि पाय जातो. सरांना अखंड नारू हवा आहे. त्याची बरणी फळीवर रिकामी उभी आहे.

रखमाजी तीन वर्षं खाटेवर आहेत. नारू संपत नाही. तरी चेष्टा चालू. "सूत काढून राह्यलो, साहेब. एक धोतर बराबर निघंल. उरलं तर तुमाला उपरणं."

रोज किती बाहेर येतो ते कळावं म्हणून मी दोऱ्यावर, कातडीला लागून, जांभळ्या औषधाचा ठिपका लावला. सरांना कल्पना आवडली. असा आणखी कुणी मुलगा आहे का, विचारलं. मी केशवचं नाव दिलं. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहतो. तो आला तर मजा येईल.

१४ मे
ठिपका दिसत नाही. काडीवरचे वेढेही कमी झाले आहेत. सर म्हणाले, तू सैल सोडला असशील. रखमाजी शपथ घेऊन सांगत होते की आपण हातही लावला न्हाई, तो आत चाललाय, तीन सालांत पहिल्यांदा.

तुळजाबाईंनी आज माझ्या पानात तूप जास्त वाढलं.

२१ मे
काडी मोकळी. जखम मिटली. रखमाजी उठले, फाटकापर्यंत चालत गेले, परत आले आणि रडले. सर चिडले आहेत.

माझ्या डाव्या घोट्याला फोड आला आहे. बूट चावला असेल.

२३ मे
फोड निखाऱ्यासारखा जळतो. सरांनी पाहिला. नारू. मी म्हटलं, मला येऊन तीन आठवडेही झाले नाहीत, वर्ष लागतं असं तुम्हीच शिकवलंत. सर म्हणाले, हो, वर्ष लागतं. मग काडी आणायला गेले.

२६ मे
दोऱ्यावर आज ठिपका बाहेर आला. जांभळा. मी लावलेला.

३० मे
ट्रंक भरली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की दोरा ताणतो — आतून. कुणी धरून ठेवल्यासारखा. बारवेच्या वाटेला तेवढी ढील मिळते.

सरांना म्हटलं, कापा. पाय जाईल, म्हणाले. जाऊ द्या म्हटलं. ते बरणी पुसत राहिले.

२ जून
रखमाजी आणि तुळजाबाई मुलीकडे केदारखेड्याला निघाले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. शेवटी बोलल्या. "मालक खाटेवर सडून राह्यल्ते, दादा. मंग काय करू? इथं राहणारं माणूस ते पाणी प्यालं, की आधीच्याचं सुटतंय. तुमचं बी सुटंल."

जाताना रखमाजींनी उपरण्याचा विषय काढला नाही.

५ जून
पाय बारवेत बुडवला तरच आग थांबते. बुडवू नये, पिलं पाण्यात उतरतात. माहीत आहे. बुडवतो.

८ जून
सरांनी केशवला बोलावलं आहे. मी म्हटलं, तार करा, येऊ नको म्हणून कळवा — सर म्हणाले, तो निघाला.

गाळलेलं पाणी पाजायचं. बारवेजवळ येऊ द्यायचं नाही. एवढं तरी —

९ जून
पायरीवर बसलोय. पाय पाण्यात, वही मांडीवर. सकाळपासून. उठवत नाही —

वर केशव. डोक्यावर ट्रंक. हसतोय. "वामन्या, लेका, गार पाण्यात पाय सोडून बसलास! आणि मी घसा सुकवत आलोय."

उतरतोय.

पिऊ नको. दोनच शब्द —

वाकला. ओंजळ भरली. एक घोट —

काडीचा वेढा सुटला. आपोआप. किती हलकं —

अजून थोडंच प्यालाय. हाक मारतो. ही ओळ झाली की हाक मार